सत्ताविसाव्या हंगामातलं लग्न

००:००:००

अंकितानं टाळी वाजवली. दोन माइकवरचे दोन आवाज नंतर जुळवायला अशी एक टाळी लागते, हे तिला माहीत होतं. तरी स्वतःच्या मुलाखतीला स्वतःच टाळी वाजवून सुरुवात करायची, याचं तिला हसू आलं.

"पंखा बंद, फ्रिज बंद. शेजारच्या काकूंना मिक्सर लावू नका म्हणून हात जोडून आलोय," इंद्रजीत म्हणाला. "विमानं मात्र माझ्या हातात नाहीत. विमान आलं की गप्प बसायचं, गेलं की ते वाक्य पहिल्यापासून."

नवीन पनवेलमधल्या त्याच्या फ्लॅटची ही आतली खोली. भिंतींना गाद्या टेकवून उभ्या केलेल्या, खिडकीवर दोन रजया. इंद्रजीत आठवडाभर नोकरी करायचा आणि रविवारी या गाद्यांमध्ये बसून 'दुसरा डाव' नावाचा कार्यक्रम करायचा. गेम बनवणाऱ्यांच्या मुलाखती. नुसता आवाज, चित्र नाही. ऐकणारे अकरा हजार, त्यातले निम्मे देशाबाहेरचे.

त्या देशाबाहेरच्या निम्म्यांसाठीच अंकिता आली होती. खरं सांगायचं तर त्यातल्या एकासाठी.

तिचा धाकटा भाऊ हरेश मालवाहू जहाजावर नोकरीला होता. चार वर्षांपूर्वी त्यानं ब्राझीलच्या कुठल्याशा बंदरात जहाज सोडलं आणि तो तिथंच राहिला. जवळ कागद नाहीत, पकडला जाईन या भीतीनं फोनही करत नाही. घरात तिला सांगितलं गेलं ते एवढं. ती इंडस्ट्रीबद्दल हवं ते बोलायला तयार होती, पण तिची एक अट होती. मुलाखतीत एक मिनिट तिचं.

"आधी तुझं मिनिट घेऊन टाकू का?" इंद्रजीतनं विचारलं. "म्हणजे मन मोकळं होईल."

"चालेल. हरेश, मी अंकी बोलतेय. तू कुठं—"

(विमान.)

"हरेश, मी अंकी बोलतेय. तू कुठं आहेस ते सांगू नकोस, फक्त—"

(विमान.)

"यांना काही कामधंदे आहेत की नाहीत!" इंद्रजीत वर बघून म्हणाला.

"हरेश. अंकी. फक्त एक फोन कर. कुणाच्याही फोनवरून. बोलू नकोस, नुसता उचलून धर. मी ओळखीन."

या वेळी कोणी आड आलं नाही.

००:०६:४०

मुलाखत सुरू असली की इंद्रजीत तिला 'तुम्ही' म्हणायचा, विमान आलं की 'तू'.

"बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, गेम इंडस्ट्री म्हणजे सोन्याची खाण. तुमचं काय मत?"

"आहे ना खाण. आम्ही तिथं पाट्या टाकतो." अंकिता खुर्चीत सावरून बसली. "पुण्यात एका मोठ्या कंपनीत मी पाच वर्षं होते. परदेशातल्या गेमसाठी आम्ही दगड बनवायचो. हसू नका, खरंच दगड. त्यांचा हीरो ज्या डोंगरावरून उडी मारतो, त्या डोंगरातले. एका वर्षात मी चारशे दगड केले. गेम आला तेव्हा हीरोच्या बुटाच्या लेसवर लोकांनी लेख लिहिले."

"दगडांवर?"

"दगडावर पाय ठेवून तो लेस बांधतो, असं एका लेखात होतं. आईला वाचून दाखवलं मी ते."

"मग सोडलं?"

"छे, मग बढती मिळाली. दगडांवरून पेट्यांवर घातलं मला. मोबाइलवरच्या गेममध्ये रोज सकाळी एक पेटी असते बघा. उघडली की नाणी. एक दिवस चुकला की पेटी रिकामी. चुकल्याची हळहळ माणसाला किती वाटायला हवी, ते ठरवणं हे माझं काम. कमी वाटली तर तो परत येत नाही, जास्त वाटली तर चिडून गेम काढून टाकतो. मधलं माप मी शोधून दिलं. साहेबांनी केक कापला. केक खाताना मला कळलं, की आपण हे काम फार चांगलं करतोय आणि आणखी दोन वर्षं केलं तर आपल्याला त्याचं काहीच वाटणार नाही."

इंद्रजीतनं अंगठा वर केला. असली वाक्यं लोक कापून एकमेकांना पाठवतात.

००:१९:०५

मग ते तिच्या गेमवर आले. गेमचं नाव 'उघाडी'. खाडीच्या बांधाला जे दार असतं, त्याला अंकिताच्या गावी, गव्हाणला, उघाडी म्हणतात. भरतीला दार उघडायचं, खारं पाणी आत घ्यायचं, दार लावायचं, उन्हात पाणी आटवायचं, मीठ ओढायचं. अंकिताच्या घरी तीन पिढ्या हेच चालत आलं होतं. आता त्या मिठागरांवरून चौपदरी रस्ता गेलाय आणि तिचे वडील बळीराम जमिनीचे व्यवहार जमवून देतात.

"चार माणसांत आम्ही हा गेम केला, इथंच, एका दातांच्या दवाखान्याच्या वर," ती म्हणाली. "मुंबईतल्या एका प्रकाशकानं बघितला. म्हणाला, छान आहे, फक्त मीठ काढा आणि हिरे घाला."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, हिरे पिकवायला भरती कुठनं आणू?"

इंद्रजीत मनापासून हसला. मग त्यानं कागद पालटला. "तुमच्या गेममध्ये प्रत्येक हंगाम संपला की गावात एक लग्न लागतं. आणि तिथं एक बाई गाते. मला तर वाटतं, अर्धा गेम त्या आवाजात आहे."

"ती माझी मामी. जनी मामी. आम्हा आगऱ्यांत लग्नाला धवलारीण लागते. हळदीपासून ती एकेक विधी गाऊन लावते, त्या गाण्याला धवला म्हणतात. नवरानवरीची नावं, त्यांच्या आईबापांची नावं, सगळं त्यात येतं. मामी आमच्या भागातली नावाजलेली धवलारीण आहे. गेममध्ये चाळीस लग्नं आहेत, चाळीसही तिनं गायलीत."

"किती दिवसांत?"

"दोन. पहिल्या दिवशी मी होते. मामीनं बारा लग्नं गायली. राघो, सखू, धाकल्या अशी पार जुनीपुराणी नावं घेतली. मी तिला नावांची यादी दिली होती, तिनं बघितली पण नाही. म्हणाली, जुनी गोड लागतात. दुसऱ्या दिवशी मला हैदराबादला मीटिंग होती. आमचा आवाजाचा माणूस प्रितेश, तो कोल्हापूरचा. त्यानं उरलेली अठ्ठावीस रेकॉर्ड करून घेतली."

"ती तुम्ही ऐकलीत ना?"

अंकितानं ओठ चावला. मग प्रामाणिकपणे म्हणाली, "अगदी खरं सांगू का? नाही. ही आमच्या धंद्यातली लाजिरवाणी गोष्ट आहे. स्वतःचा गेम आम्ही हजार वेळा खेळतो, पण आवाज बंद करून. पाणी नीट चढतं का, दार अडकतं का, हे बघायचं असतं. लग्न आलं की बटण दाबून पुढं जायचं. शेवटचे हंगाम तर मी कधी आवाजासकट खेळलेच नाहीत."

"म्हणजे मी तुमच्यापेक्षा जास्त ऐकलंय!" इंद्रजीत खूश झाला. "तीन आठवडे खेळतोय. तिसाव्या हंगामाच्या पुढं गेलोय. जी लग्नं आवडली ती ठेवून घेतली. हे बघा, सत्ताविसाव्या हंगामातलं. हे माझं सगळ्यात लाडकं. लावू?"

"लावा की."

००:२४:३१

आधी लाटांचा आवाज. मग जनी मामी, जरा घोगरी, शेवटचा स्वर लांबवणारी.

*हलद वाटली गो उंबराचे पाटावरी,*
*पहिली बोटा लागली हरेश नवऱ्यावरी.*
*नवरा कोनाचा गो, गव्हाणचे बळीरामाचा,*
*नवरी निशा गो, लेक काशीराम मामाची.*

अंकिता खुर्चीतून उठली. "अरे! हा माझा भाऊ आहे! बळीराम माझे बाबा. मामीनं हरेशला घुसवलं बघ गेममध्ये!" तिनं आनंदानं टाळीही वाजवली. "लबाड बाई! मला एका शब्दानं बोलली नाही!"

"म्हणजे तुमच्या भावाचं लग्न मी लावलं?" इंद्रजीत म्हणाला. "आहेर द्या मला. आणि ही निशा कोण?"

"निशा मामाची मुलगी. जनी मामीचीच."

"अरे वा, म्हणजे घरातलंच स्थळ."

"ती वारली," अंकिता म्हणाली. "बारावीत होती. तापानं गेली. सहा वर्षं झाली."

इंद्रजीतनं चालू राहिलेल्या लाटा बंद केल्या.

"आईची माया आहे," अंकिता म्हणाली. "मुलीचं लग्न बघायला मिळालं नाही, म्हणून इथं लावलं असेल. हरेश तिला जावई म्हणून आवडायचा. लहानपणी चिडवायचेच सगळे दोघांना." ती पुन्हा खाली बसली. "हे ऐकलं ना त्यानं, तर तो नक्की फोन करील. ब्राझीलमधून दोघं जण माझा गेम खेळतात, माहितीये? रोज सकाळी मी आकडे बघते. ब्राझील, दोन. आता वाटतं, त्यातला एक सत्ताविसाव्यापर्यंत पोचलाही असेल."

"हे राहू दे मुलाखतीत. फार गोड आहे," इंद्रजीत म्हणाला. "अजून एक ऐका."

००:२७:१२

*नवरा बैसला गो, विठूचा निकेश,*
*हातान नारल गो, कपालाला बाशिंग…*

"हा कोण, ओळखता का?"

"निकेश." अंकिताच्या कपाळावर आठी आली. "आमच्या आळीतला. गणपती बुडवायला गेला होता, खाडीत ओढला गेला. माझ्या वर्गात होता."

"ओह."

"नवरी कोण म्हणाली ती?"

इंद्रजीतनं मागं घेऊन पुन्हा लावलं. *पोर साजिरी प्राची.* उरणच्या रस्त्यावर कंटेनरखाली आलेली प्राची. तिच्या स्कूटीची पाटी कितीतरी दिवस तिथंच दुभाजकाला अडकलेली होती.

"अजून किती ठेवलीत तुम्ही?"

"पाच-सहा असतील. अंकिता, आपण जरा—"

"लावा."

००:२८ ते ००:३६

इथं मुलाखत नाही. इथं प्रत्येक वेळी मामीचा आवाज येतो आणि त्यानंतर अंकिताचा, एका शब्दाचा किंवा दोन शब्दांचा.

"हितेश, काविळीनं."

"ही कोण ते माहीत नाही. हो, माहीत आहे. दगडू पाटलांची. विहिरीत."

"हा माथाडी कामगार होता. बंदरात."

"परत लावा. हो. तीच. तीन महिन्यांपूर्वी… नाही, रेकॉर्डिंगच्या आधी. आधीच गेली ती."

मग इंद्रजीतचा आवाज, पार उतरलेला. त्यात आता 'तुम्ही' नव्हतं.

"अंकिता, तू पाणी पी."

"जिवंत कोण आहे यात?" ती म्हणाली.

"काय?"

"मला एक माणूस सांगा यातला, जो जिवंत आहे." टेबलावरच्या कागदावर तिनं नावं लिहिली होती, चौदा. ती पेनानं एकेका नावावर टेकत गेली. तेरा नावांवरून पेन सरळ पुढं गेलं. हरेशपाशी ते थांबलं आणि कागदातून आत घुसलं.

गंमत अशी, की डोक्यात अजूनही हिशेबी विचार चालू होता, पेट्यांचं माप काढणारा. तेरा जण गेलेले, एक जण ब्राझीलला. मामीनं एकालाच वेगळं धरलं असेल. आपल्या मुलीसाठी. का नसेल धरलं?

तिनं फोन काढला. इंद्रजीतचा हात बटणाकडं गेला, पण ते दाबायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही. फोन स्पीकरवर होता आणि माइक एक वीत लांब.

००:३७:५०

"कोन? अंकी? बोल बाय पटकन. द्रोणागिरीला हलदीला हाय मी. नवरा अजून आंघोलीला गेला नाय नि डीजेवाला पयला येऊन बसलाय."

"मामी, माझ्या गेममध्ये तू जी नावं गायलीस—"

"कवाची गोष्ट गो ती!"

"माझी यादी होती ना तुझ्याकडे?"

"होती. ती मी पेटीन ठेवली. इमानान ठेवली हाय, पायजे तर घेऊन जा."

"यादीतली नावं का नाही गायलीस?"

"ती कशी गाऊ? संदेश, रुपाली, आनखी कोन कोन. ती पोरा हायत ना गावान."

"मामी, ती नावा मी मनान रचली होती. ती कुनाचीच नव्हती." गावची भाषा तोंडात कधी आली ते अंकिताला कळलं नाही.

"कुनाचाच नाय, असा नाव असतं का कंचा?" मामीमागं कोणीतरी ढोलकीवर थाप मारून बघत होतं. "आइक. मी मांडवान बसून नाव घेतला का लगीन लागला. माज्या सासूनं मना असाच शिकवला. आता तुजा तो मशीन. एकाच पोराचा लगीन रोज शंभर घरान लावनार. मग तो पोरगा उद्या खरा मांडवान बसला, तर मी त्याला काय गाऊ? उरला काय? म्हनून जित्यांची नाय घेतली. ज्यांची लगना र्‍हायली, त्यांची घेतली. त्यांचा तरी लागला."

अंकितानं कागदावरचं हरेशचं नाव बोटानं झाकलं.

"सगली?" अंकितानं विचारलं.

ढोलकी वाजत होती.

"मामी. सगली मेलेली?"

"थांब. मी मांडवाचे मागं जातंय." चपलांचा आवाज. ढोलकी लांब गेली. "बाय, तू उभी हायस का बसली हायस?"

"मामी, हरेश ब्राझीलला हाय."

"तू पयली बस."

००:४०:१६

मामीनं सांगितलं ते असं. हरेशला जहाजावर चिकटवणारा एजंट काशीराम मामाच्या ओळखीचा होता, म्हणून कागदावर पत्ता मामाचा होता. चार वर्षांपूर्वी त्या पत्त्यावर पत्र आलं. वादळात डेकवरून पडला, दोन दिवस शोधला, सापडला नाही. मामा पत्र घेऊन बळीरामकडं गेला. त्याच आठवड्यात अंकिताच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. दोघा पुरुषांनी ठरवलं की आत्ता सांगायचं नाही, महिन्यानं सांगू. महिन्यानं आईनं विचारलं, पोराचा फोन का नाय? बळीरामच्या तोंडातून ब्राझील निघालं. कुठून निघालं ते त्यालाही माहीत नसेल.

"मग ते तसाच र्‍हायला," मामी म्हणाली. "येक दिस खोटा बोलला का दुसरे दिवशी त्याला पानी घालाय लागतं."

"तेरावा?"

"आमी केला. आमचे घरी. तुजा बापूस आला होता. पनवेलला काम हाय सांगून आला होता."

अंकिताला तो दिवस आठवायचा होता. वडील कुठल्या तरी संध्याकाळी डोकं भादरून आले असतील आणि तिनं विचारलं असेल, हे काय? ते काहीतरी बोलले असतील. पण ती तेव्हा पुण्यात होती. सकाळच्या पेटीचं माप काढत होती.

"आईला अजून ठाव नाय?" तिनं विचारलं. आता तिला दुसरीच धास्ती पडली होती. गेम बाजारात येऊन पाच महिने झाले होते. कुणीही ऐकवेल. गावातलं कुणीही पोर मोबाइल घेऊन आईसमोर धरेल, काकू, हरेशचं नाव आलंय बघा. "मामी, तू नाव घातलास कशाला? आईनं आइकला तर? एवढा तरी इचार करायचा!"

मांडवातून कुणीतरी मामीला हाक मारली.

"मामी?"

"मी माज्या मनान घालीन का गो?" मामीचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तुज्या घरचा पोर, माज्या घरची पोर. मी येकटीनं जमवीन लगीन? तुजी आयस आली होती. तू त्या हैदराबादला गेलीस, त्याचे आदले दिवशी. बोलली, जने, सगल्यांची लावतेस तर आपले दोघांचा पन लाव."

००:४४:०० ते ००:४५:२५

काही नाही. दोन विमानं गेली. वाक्य पहिल्यापासून घ्यायला कोणी मध्ये थांबलेलंच नव्हतं.

००:४५:२६

"आई."

"झाला इंटर्वू?" आईचा आवाज नेहमीसारखाच होता. दुपारची भांडी घासून झाली की असतो तसा, मोकळा. "चांगला बोललीस ना? इंग्लिस नको झाडू जास्त, लोकांना कलत नाय."

"आई, मी हरेशचा लगीन आइकला."

तिकडं नळ चालू होता. तो बंद झाला.

"कुठं?"

"खेळात. सत्ताविसाव्या हंगामात."

"सत्ताविसाव्या," आई म्हणाली. तिनं तो आकडा दोनदा उच्चारला. "मना वाटला, आदी असंल. जनी बोलली, मधी कुठंतरी हाय." मग ती म्हणाली, "कशी गायली?"

अंकिताला काय काय विचारायचं होतं. तुला कधी कळलं, कसं कळलं, रोज संध्याकाळी बाबा टीव्हीवर जहाज दिसलं की चॅनल बदलतात तेव्हा तू काय करतेस, मला का नाही सांगितलंस, मी तुझी कोण आहे. यातलं तिनं एकच विचारलं. "तू मना का नाय सांगितला?"

"सांगनार होती. तू नोकरी सोडून आलीस नि बोललीस, आई, मी खेल बनवतंय, हरेश कुठं असंल तिथं बघंल. तुज्या डोल्यान एवढा होता काय काय. बोलली, खेल होऊं दे." मग ती म्हणाली, "पत्र मना तुज्या बापाचे कपाटान मिलाला. साडीचे घडीन. माजेच साडीचे. त्याला दुसरी जागा सुचली नाय."

"बाबांना ठाव हाय? तुला ठाव हाय ते?"

"नाय. नि तू बोलू नको. मना ठाव नाय एवढ्यावर तो उभा हाय."

इंद्रजीतनं डोळ्यांवर हात धरला होता. त्याला या घराशी काहीच देणंघेणं नव्हतं. तो फक्त पुढच्या रविवारचा भाग बनवायला बसला होता.

"आई," अंकिता म्हणाली, "इथं त्यांच्याकडं आहे तो तुकडा. फोनवरून ऐकवू?"

"नको."

"का?"

"मी खेलतंय ना." आईनं हे असं सांगितलं की जणू डाळ शिजत ठेवलीय. "रोज दुपारी खेलतंय, तुजा बापूस बाहेर गेला का. पाच महिने जाले. चवथ्याच्या फुडं जात नाय. ते उधान येतं नि माजा बांध फुटतं. परत पयल्यापासून."

चौथ्या हंगामातलं उधाण. अंकितानं ते मुद्दाम कठीण केलं होतं. प्रितेश म्हणाला होता, माणसं इथंच सोडून जातील, थोडं हलकं कर. तिनं ऐकलं नव्हतं. उधाण आहे, हलकं कसं असेल, असं ती त्याच्यावर वसकन ओरडली होती. पाच महिने रोज दुपारी तिची आई त्या उधाणात बुडत होती आणि अंकिता त्या दातांच्या दवाखान्याच्या वर बसून ब्राझीलचे आकडे बघत होती.

"आई, मी इथनं उघडून देते. सत्ताविसावा हंगाम. एका मिनिटाचं काम आहे, मीच बनवलाय गेम."

"तसा नको."

"अगं पण—"

"लोकांची आयस पोराचे लगनाला वरीसभर राबतं. मीठ-मिरचीपासून सगला करतं. मी काय आयत्या मांडवान जाऊन बसू?" आईचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "माजे हातान लावीन. तू फक्त एवढा सांग, उधानाचे टायमाला उघाडी कवा बंद करू? मी पानी दिसला का करतंय, तरी फुटतं."

अंकितानं तोंड उघडलं. तिनं स्वतः लिहिलेलं, हजार वेळा तपासलेलं उत्तर डोक्यातून पार पुसून गेलं होतं. तिनं इंद्रजीतकडं पाहिलं.

इंद्रजीत फोनकडं वाकला. घसा साफ करून म्हणाला, "काकू, पाणी दिसेपर्यंत थांबू नका. बगळे बांधावर येऊन बसले की लगेच बंद करा. मलाही आठ दिवस लागले होते."

"हा कोन?"

"इंटर्वू घेनारे," अंकिता म्हणाली.

"बगले," आई म्हणाली. "मना वाटला ते शोभेला हायत. थांब हा, मगाशी चवथ्यावरच ठेवलाय. फोन ठेवू नको, चालू असताना खेलता येतं ना?"

"येतं."

फोनमधून लाटांचा आवाज आला. तो आवाज अंकितानं स्वतः न्हावा गावच्या खाडीवर पहाटे उभं राहून घेतला होता, पण फोनमधून फोनमध्ये येताना तो वेगळाच वाटत होता, भांड्यात पाणी हलवल्यासारखा. स्क्रीनवर आईचं बोट पडायचं तेव्हा टप टप असं ऐकू यायचं. माणसं टाइप करतात तसं नव्हे; आई बोटानं टोचायची, तिखट तपासल्यासारखी.

"आलं," आई म्हणाली. "एक आला. दोन बसलं."

"लावा, लावा आता," इंद्रजीत पुटपुटला.

टप.

पाण्याचा आवाज वाढत गेला. अंकितानं खुर्चीची कड धरली. हा आवाज किती चढतो, कुठं थांबतो, सगळं तिनंच ठरवलेलं होतं.

मग तो ओळखीचा आवाज आला, माती खचल्याचा.

"गेला," आई म्हणाली.

"उशीर झाला थोडा," अंकिता म्हणाली. "परत कर."

"करतंय," आई म्हणाली, आणि पुन्हा पहिल्या हंगामाच्या लाटा सुरू झाल्या.